त्याचं न बोलणं

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा टेम्पोत दोघंच होते. तो आणि आमच्याच वाडीतला ड्रायव्हर. आंब्याच्या पेट्या भरलेला टेम्पो वळणावर दरीत गेला. ड्रायव्हर वाचला. मदतीला खाली उतरलेल्या गुराख्याने साक्षीत सांगितलं, की भाऊ थोडा वेळ जिवंत होता, ड्रायव्हरशी काहीतरी बोलत होता. शब्द त्याला ऐकू आले नव्हते.

तेव्हापासून मला एवढंच हवं होतं, तो काय म्हणाला.

काका म्हणायचे, "कोर्टात काय व्हायचंय? देवळात उभा करू त्याला. गुरव कौल लावील. देवासमोर कसा गप्प बसतो तेच बघतो! अगो, तू फक्त हो म्हण."

मी नाही म्हटलं नव्हतं.

रत्नागिरीच्या कोर्टात साक्षी संपल्या. आता आरोपीला, म्हणजे जामिनावर सुटलेल्या त्या ड्रायव्हरला, विचारायचं होतं. न्यायाधीश बाई माझ्याहून वयाने लहान. त्या म्हणाल्या, "तुम्हाला शपथ नाही. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. गप्प राहिलात म्हणून शिक्षा होणार नाही. समजलं?"

त्याने मान हलवली, पण त्याला कळलं नव्हतं. बाईंनाही ते दिसलं. त्यांनी तेच पुन्हा, सावकाश सांगितलं. सरकारने दिलेला त्याचा वकील शेजारी उभा होता.

आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. हे वाक्य मी शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांकडून वर्षानुवर्षं पाठ करून घेतलं आहे. दोन गुणांचा प्रश्न.

"मयत अपघातानंतर तुमच्याशी बोलत होता, असं साक्षीदार म्हणतो. यावर काही सांगायचंय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग खाली.

बाई थांबल्या. पोलीस, सरकारी वकील, पट्टेवाला, सगळे थांबले. ज्यांच्या हाती त्याला तुरुंगात धाडणं होतं, ते सारे एका टेम्पो ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघत होते, आणि कुणी त्याला हात लावत नव्हतं, आवाज चढवत नव्हतं.

"काय नाय सांगायचं," तो म्हणाला.

बाईंनी तेवढंच टाईप करून घेतलं आणि पुढचा प्रश्न घेतला.

मला आधी राग आला. मग अंगावर काटा आला. त्याचा बाप वाडीत कुणासमोर मान वर करत नसे. या पोराच्या गप्प राहण्याला इथे एवढी जागा होती. कुणीतरी कधीतरी, माझ्यासारखी माणसं तळमळत बसणार हे जाणूनच ती ठेवली असणार.

बाहेर काका म्हणाले, "बघितलंस? आता पुनवेला देवळात."

"नको, काका."

"अगो, भावाचं शेवटचं बोलणं ना ते?"

"हो. त्याला सांगावंसं वाटलं तर सांगेल."

परतीच्या एसटीत तो आमच्यापुढे दोन सीट सोडून बसला होता. शेजारची जागा रिकामी होती. वाडीचा फाटा येईपर्यंत मी त्या जागेकडे बघत राहिले. उठले नाही.