गाठीवाल्या वहिनींची सही

"जिवंत माल आहे हा. मेला तर वाससुद्धा येत नाही," पाकीट हातात देताना वहिनी प्रत्येक शेतकऱ्याला बजावत.

कारखाना त्यांच्या धाकट्या दिराचा. तो वहिनी म्हणे म्हणून सगळेच म्हणत. कामगारांनी त्यापुढे 'गाठीवाल्या' जोडलं. कडधान्याच्या मुळांवर बारीक गाठी धरतात. त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नत्र पिकाला पोचवतात. त्यांनाच वहिनी काचेच्या नळ्यांत वाढवत, मग ओलसर काळ्या भुकटीत मिसळून, पेरणीआधी बियाण्याला चोळायची पाकिटं भरत. नवरा गेल्यापासून एकोणीस वर्षं हेच. राहायला कारखान्यावरचीच खोली. कामात आणि घरात अंतर बारा पायऱ्यांचं.

कामाची खोली पेटीसारखी. खिडकीची काच कायमची बसवलेली, पंखा बंद. वाऱ्याबरोबर परके जंतू शिरतात. समोर स्पिरिटचा दिवा. घाम कोपरापर्यंत ओघळे, पुसायला हात रिकामा नसे. या जिवाणूंनी पोसलेलं उभं पीक मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. शेतकरी बोलवत. दीर म्हणे, "तुम्ही गेलात तर नळ्या कोण सांभाळणार?"

त्या उन्हाळ्यात दिराने पाकिटं ठेवायची थंड खोली फळवाल्याला भाड्याने दिली आणि तयार पाकिटं तापत्या पत्र्याखाली रचली. महिन्याने वहिनींनी त्यातली चिमूटभर भुकटी पाण्यात कालवून काचेच्या बशीत पेरली. चार दिवसांत खसखशीसारखे ठिपके उमटायला हवे होते. बशी कोरी. दुसरी कोरी. तिसरीही.

पेरण्या तोंडावर आलेल्या. दीर नव्या तारखेची लेबलं आणि वही घेऊन आला. वहिनींच्या सहीशिवाय माल बाहेर जात नसे.

"करा सही. भुकटी काळी ती काळीच. दिसतंय कुणाला?"

"मुळाला दिसतं, भाऊजी."

"मुळं काय तक्रार घेऊन येणार आहेत?"

"शेतकरी येईल. गाठ नसलेलं रोप उपटून."

"मग पाऊस आहे, जमीन आहे. दोष द्यायला काय कमी आहे? आणि सही होणार नसेल, तर वरची खोली मला लागेल."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. दोन दिवस वही टेबलावर उघडीच पडून होती. वहिनी तिच्याभोवती दिवा, नळ्या, बशा हलवत राहिल्या.

तिसऱ्या सकाळी जाऊ कामाच्या खोलीत आली. "ताई, करून टाका ना. एवढीशी तर सही. या वयात जाल कुठे?"

"नदीपलीकडचा तो टोपीवाला शेतकरी आहे ना, दर हंगामाला विचारतो, शेंगा तोडायला याल का म्हणून."

"अहो, तो थट्टा करतो!"

"मग मीही थट्टेतच जाते."

सहीच्या जागी त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं, 'माल मेलेला आहे.' मूळ नळ्यांतले जिवाणू ताज्या खाद्यावर लावून ठेवलेच होते. कामाच्या खोलीची किल्ली जावेच्या हातात दिली.

"नळ्यांतलं खाद्य महिन्याने बदल. दिवा पेटवून, पंखा बंद ठेवून. त्यांचा काय दोष?"

एक पिशवी घेऊन त्या फाटकाबाहेर पडल्या. दीर वही हातात धरून पायरीवर उभा होता, पण त्याची नजर त्या ओळीवरून हलेना. जाऊ बंद काचेमागून बघत राहिली. वहिनी वळणापर्यंत लहान लहान होत गेल्या. मग तिने किल्ली पदराच्या टोकाला बांधली.