‘डार्क’ची शेवटची बाटली, हिंगोली जिल्ह्यात

नांदेडच्या बसस्थानकावर हिंगोलीच्या गाडीत चढलो तेव्हा मोठी बॅग वर टाकली आणि लहान पिशवी मांडीवर उभी धरून बसलो. कंडक्टरनं ती वर ठेवायला दोनदा सांगितलं, दोनदा मी नाही म्हणालो. तिसऱ्यांदा तो वैतागला. "काका, काय हाये त्याच्यात? अंडे हायेत का?"

"अंड्यापेक्षा नाजूक आहे," मी म्हणालो.

खोटं नव्हतं. स्वेटरात गुंडाळलेली ती बिअरची बाटली होती, आणि माझ्या माहितीत त्या बिअरची जगात उरलेली शेवटची. तिच्या तळाशी आंबवणीचा गाळ असतो, तो हलू द्यायचा नसतो. म्हणून ती विमानतळापासून इथवर मी लेकरासारखी सांभाळत आणली होती.

मी मूळचा याच भागातला. बाळापूरच्या पुढे, डांबरी रस्त्यापासून आत माझ्या थोरल्या बहिणीचं गाव आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण अक्काला विचारलेलं नाही, आणि अक्काला न विचारता काही केलं की काय होतं ते मला ठाऊक आहे. नांदेडला रसायनशास्त्र शिकलो, शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेलो आणि तिथल्या एका जुन्या बिअरच्या कारखान्यात एकतीस वर्षं नोकरी केली. आमची मुख्य बिअर काळसर, हलकी, भाजलेल्या जवाची. गिऱ्हाईक तिला नुसतं ‘डार्क’ म्हणायचं. लोखंडाच्या भट्टीवरून सुटलेले कामगार घरी जाताना तिचा एक ग्लास घ्यायचे. नाताळासाठी तिचीच थोडी कडक तऱ्हा बाटल्यांत भरायचो, ती वर्षानुवर्षं टिकायची. पिशवीतली बाटली त्यातलीच. तशी बिअर पुन्हा कोणी करणार नाही. ती करण्यात माझा हात होता, याचा मला गर्व आहे आणि तो मी कुठेही बोलून दाखवतो. अपवाद एकच, माझी सख्खी बहीण.

गाडी अर्धापूरच्या केळीच्या बागा मागे टाकून निघाली. हळद काढणीचे दिवस होते. शेतांच्या कडेला हळद शिजवायच्या टाक्या धुमसत होत्या आणि तो उग्र, मातकट वास खिडकीतून थेट आत येत होता. माझ्या लहानपणी इथे नजर जाईल तिथे ज्वारी असायची. आता सोयाबीन आणि हळद. पैसा हळदीत आहे हे कळतं, तरी कणसं दिसेनात म्हणून मन खट्टू झालंच.

वारंगा फाट्यावर गाडी थांबली तसा खाली उतरलो. इथे येऊन खिचडी-भजी न खाता पुढे जाणाऱ्या माणसाबद्दल मला शंका येते. हॉटेलवाल्यानं वाफाळती पिवळी खिचडी पुढे ठेवली आणि पिशवीकडे बघत विचारलं, "कोण्या गावाला निघाले?"

गाव सांगितलं. अक्काचं नाव सांगितलं.

"बाटलीवाल्या अक्का? तुमी त्यांचे भाऊ, इंग्लंडचे? औषधाच्या कारखान्यातले?" त्यानं खिचडीचे पैसे घ्यायला साफ नकार दिला. "त्यांनी आमच्या सासुरवाडीतलं दारूचं दुकान बंद केलं. तुमच्याकडून पैसे घेऊन काय नरकात जाऊ?"

मी हातातला घास परत ताटात ठेवला. आता दोन गोष्टी सांगणं भाग आहे.

पहिली गोष्ट, ‘बाटलीवाली’ची. आपल्याकडे गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर बायका मतदान करू शकतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला पुरेशी मतं पडली की दुकान बंद. अक्कानं पांढरं लुगडं नेसून वस्तीवस्तीत, शेताशेतात हिंडून बाटली आडवी पाडली होती. आम्ही बौद्ध. नशा करणार नाही हे पाचवं शील ती रोज विहारात म्हणते आणि शब्द न् शब्द पाळते.

दुसरी गोष्ट माझ्या भित्रेपणाची. नोकरी लागल्यावर मी घरी एक फोटो पाठवला. पांढरा कोट, मागे स्टीलच्या चकचकीत टाक्या. पत्रात लिहिलं, ‘धान्यावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहे.’ गावानं फोटो पाहिला आणि ठरवलं, बापू, म्हणजे मी, औषधं बनवतो. मी ते खोडलं नाही. आधी आळस, मग संकोच, आणि अक्कानं बाटली आडवी पाडल्यावर सरळ भीती.

गावात पोचलो तर अक्काच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ एक्स-रेचं पाकीट घेऊन बसलेले. "डॉक्टरसाहेब, गुडघ्याची लई तकलीफ हाये. एवढं पाहून घ्या." मी तो एक्स-रे उजेडात धरला, गंभीर चेहरा केला आणि चालणं थोडं कमी करा म्हणालो. ते समाधानानं गेले. मला मात्र स्वतःची शिसारी आली.

अक्का सत्तरीची आहे, पण मला पाहून धावत आली. गालावरून हात फिरवून म्हणाली, "वाळला रे बापू." भाकरी, पिठलं, ठेचा पुढे आला. मग तिनं बातमी दिली. "उद्या विहारात तुझा सत्कार ठेवलाय. समद्या बाया येऊन राहिल्या. व्यसनाबद्दल चार शब्द बोल. कळमनुरीच्या बाजारातून शाल आणलीय म्या, चांगली निवडून."

सकाळी ती चुलीपुढे आंबील करत होती. (ज्वारीचं पीठ रात्रभर आंबवून सकाळी शिजवतात, त्यात ताक, लसूण आणि मीठ.) मी पाटावर बसलो आणि एका दमात बोलून टाकलं. "अक्का, मी औषधाच्या कारखान्यात नव्हतो. बिअरच्या कारखान्यात होतो."

आंबील ढवळणारा हात थांबवता येत नाही, गुठळ्या होतात. तिचा हात चालूच राहिला.

"बिअर म्हंजी दारूच ना?"

"हो."

"किती साल?"

"एकतीस."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"तुझ्यापुढे लाज वाटली."

"कामाची न्हाई वाटली?"

"नाही. काम मी चोख केलं."

तिनं पातेलं उतरवलं, झाकलं, आणि माझ्यासमोर येऊन बसली. "सांग मंग. काय करायचा तिथं?"

मी सांगत गेलो. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, थोडे खरपूस भाजायचे. गरम पाण्यात त्यांचा गोडवा उतरवायचा, उकळून गाळायचा, मग आंबायला ठेवायचा. रोज सकाळी प्रत्येक टाकीचा नमुना माझ्यासमोर यायचा. मी वास घ्यायचो, घोटभर चाखायचो आणि सही करून पास करायचो. माझी सही नसेल तर एक पिंपही फाटकाबाहेर जात नसे.

"आन् बिघडलं असलं तर?"

"गटारात. दोनदा पूर्ण टाकी ओतायला लावली. मालक लालबुंद झाला होता."

अक्काच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "आई अशीच आंबील ओतून द्यायची. पाहुणे बसलेले असले तरी."

मग शेवटही सांगितला. कारखाना मोठ्या कंपनीनं घेतला. नाव तेच, लेबल तेच, आतली बिअर बदलली. भाजलेले जव कमी केले आणि रंगासाठी जळकी साखर घातली. पाच दिवसांचं आंबणं दोन दिवसांवर आणलं. मी सही केली नाही, तर माझ्याऐवजी दुसऱ्यानं केली. जुनी गिऱ्हाइकं एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवायची, आणि मला वाटायचं माझ्याच कानाखाली कोणी वाजवली. दोन वर्षांत खप पडला. मग तेच लोक म्हणाले, हिला मागणी नाही, बंद करा. हे सांगताना माझा आवाज चढला. आजही चढतो.

"मला समजतं," अक्का म्हणाली. "ह्या आंबिलीचं तेच हाये. आपल्या दगडी ज्वारीची आंबील कशी लागायची? आता हायब्रीडची करते. नाव आंबीलच हाये. पण घोट घेतला की आईची आठवण न्हाई येत."

एवढ्या वर्षांत माझं दुःख इतक्या लवकर कोणाला कळलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंही नाही.

"सत्कार रद्द कर," मी म्हणालो.

"काहून? बाया बोलावल्यात." एवढंच बोलून तिनं आंबिलीचा पेला माझ्या हातात दिला.

दुपारी विहार भरला होता. एक्स-रेवाले आजोबा पहिल्या रांगेत. अक्का उभी राहिली, पदर सावरला, आणि कुठलीही प्रस्तावना न करता म्हणाली, "ह्यो माझा भाऊ. म्या तुमाला सांगत व्हते, औषध बनवतो. ते खोटं निघालं. ह्यानं एकतीस साल बिअर बनवली. म्या बाटली आडवी केली, ह्यानं बाटल्या भरल्या. आमी दोघं एकाच आईचे. ज्याला जे इचारायचं ते त्याला इचारा."

आजोबांनी एक्स-रेचं पाकीट हळूच मांडीखाली सरकवलं.

मग कौसाबाई उठल्या. शेतकरी घरातल्या. अक्कासोबत दारोदार फिरलेल्या, दारूत नवरा गेलेल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तुमी पिंप फाटकाबाहेर सोडायचे. फाटकाबाहेर त्याचं काय व्हायचं, ते कधी पाह्यलं का?"

उत्तरं तयार होती. आमची बिअर हलकी होती, लोक बेतानं प्यायचे, वगैरे. ती सगळी मी बाजूला ठेवली. "नाही पाहिलं," मी म्हणालो. "पाहायला हवं होतं. काही घरांत वाईट झालंच असेल. माझा माल चांगला होता, याची खात्री देतो. त्यापुढची नाही देऊ शकत."

कौसाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. अक्कानं घडी केलेली शाल उचलली आणि मला न घालता त्यांच्या हातात दिली. घालायची की नाही हे आता त्यांच्यावर होतं. त्यांनी शालीची घडी उलटीपालटी केली, दोन पावलं पुढे आल्या आणि ती माझ्या खांद्यावर टाकली.

"घालते. पण इथं कारखाना काढू नका."

विहारात हसू फुटलं, आणि सगळ्यांत मोठ्यांदा आजोबा हसले.

घरी आल्यावर अक्का म्हणाली, "पिशवीत काय हाये ते काढ. कंडक्टरनं समद्या गावाला सांगितलंय, अंडे हायेत म्हणून."

अंगणात, पेरूच्या झाडाखाली मी बाटली उघडली. बारीक फुस्स आवाज झाला. इतक्या वर्षांनी, इतक्या उन्हातून येऊनही ती जिवंत होती. थोडी पेल्यात ओतून अक्काला दिली. तिनं पेला नाकाशी नेला, अगदी आंबिलीचा नेते तसा. डोळे मिटले. मी बाटली धरून तिच्या चेहऱ्याकडे बघत उभा होतो. परीक्षेच्या निकालालाही माझी अशी गत झाली नव्हती.

"धान्य भाजलंय नीट," ती हळू म्हणाली. "आंबलंय बराबर. घाई न्हाई केली कोणी."

पेला माझ्या हातात देत म्हणाली, "शील माझं हाये. तुझं तू पाह्य."

मी एकच घोट घेतला, कामावर घ्यायचो तेवढाच. तीच होती. कोणीही न बदललेली. उरलेली मी पेरूच्या बुंध्याशी ओतली. अक्कानं सांगितलं नव्हतं आणि अडवलंही नाही.

चार दिवसांनी परत निघालो. पिशवीत आता अक्कानं बांधून दिलेलं ज्वारीचं पीठ होतं. गाडीत बसल्यावर कळलं, जाताना मी माझ्या बिअरचं दुःख घेऊन निघालो होतो, आणि येताना त्या बिअरबद्दल बहिणीशी बोलता येतं एवढी मोठी गोष्ट घेऊन चाललो होतो.

इकडे इंग्लंडात आम्ही कारखान्यातले निवृत्त लोक दर गुरुवारी भेटतो. जुन्या ‘डार्क’च्या आठवणी काढतो, नव्या मालकांना शिव्या घालतो. या गुरुवारी आमच्या पिंपं बनवणाऱ्या म्हाताऱ्या मित्रानं विचारलं, शेवटच्या बाटलीचं काय झालं?

उघडली, मी म्हणालो.

तो खुर्चीत सरळ झाला. मग कामावरच्या जुन्या सवयीनं विचारलं, "पास कोणी केली?"

"माझ्या बहिणीनं," मी म्हणालो.