चौघांच्या नावांचं वेळापत्रक

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत विनया परुळेकर सहायक होती. मी विज्ञान शिकवायचे, त्यामुळे तिचा-माझा रोजचाच संबंध. सगळी शाळा तिला विनयाताई म्हणायची, मीही. तिच्या कपाटात एकही बाटली चिठ्ठीवाचून सापडायची नाही. उद्याच्या तासाला काय लागणार हे मी सांगायच्या आधीच ट्रेमध्ये काढून ठेवलेलं असायचं. पुढे तिच्या बाबतीत जे झालं ते मी काही जवळून पाहिलं आणि काही तिच्याच तोंडून ऐकलं. तिने ते सलग कधीच सांगितलं नाही. परीक्षानळ्या धुता धुता, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं.

ती विरारला राहायची. आईवडिलांनी घेतलेला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि ते दोघं गेल्यावर त्यात ती, धाकटा भाऊ श्रीरंग, त्याची बायको सुलक्षणा आणि त्यांची मुलगी आर्या. आईच्या आजारपणात विनयाताईची दोन स्थळं पुढे ढकलली गेली, नंतर कुणी विचारायला आलं नाही. आर्या तीन महिन्यांची असताना सुलक्षणा नोकरीवर परत रुजू झाली, तेव्हा विनयाताईने मुख्याध्यापकांना भेटून सकाळचं सत्र मागून घेतलं आणि दुपारपासून पोरीला सांभाळलं. आर्याच्या शाळेच्या कागदांवर पालक म्हणून बहुतेक वेळा आत्याचीच सही असे.

दोन हजार दोनच्या दिवाळीत, फराळाला बसल्यावर तेरा वर्षांच्या आर्याने अचानक विषय काढला की आपण लॅब्रडॉरचं पिल्लू आणू या. विनयाताईला वाटलं, श्रीरंग हा विषय एका मिनिटात मोडून काढील. लहानपणी चाळीतल्या मांजरालाही तो घरात येऊ देत नसे. पण तो म्हणाला, काय हरकत आहे, ताई हो म्हणाली तर आणू. सुलक्षणाही हो म्हणाली. तिघांनी एकदम तिच्याकडे पाहिलं. विनयाताईला कुत्र्यांचं प्रेम होतं असं नाही, भीती मात्र थोडी होती. पण आपल्या होकारावर घर थांबलंय हे तिला फार दिवसांनी अनुभवायला मिळत होतं. ती हो म्हणाली.

श्रीरंगने पत्ता काढला तो वसईकडच्या वटार गावातल्या जेम्सचा. हा जेम्स पूर्वी मुंबईत एका कंपनीच्या सुरक्षा पथकात कुत्रे शिकवायच्या कामावर होता. निवृत्त होऊन तो आपल्या वाडीत येऊन राहिला. त्याची बायको सालोमी चिकू आणि केळी बघायची, आणि तो लॅब्रडॉर पाळायचा. त्याच्या काळ्या कुत्रीला मार्चमध्ये पिल्लं होणार होती. आठ आठवड्यांची झाल्याशिवाय तो पिल्लू द्यायचा नाही, आणि घरातल्या एका तरी माणसाने आधी येऊन शिकून गेल्याशिवाय तर मुळीच नाही. घरातून शिकायला कोण जाणार हा प्रश्नच नव्हता. जानेवारीपासून दर शनिवारी दुपारी विनयाताई एसटीने वटारला जाऊ लागली.

सोमवारी शाळेत आली की मला पाठ म्हणून दाखवायची. पिल्लाचं नाव दोन अक्षरी असावं. घरात सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा; एकाने बस म्हणायचं, दुसऱ्याने बैठ आणि तिसऱ्याने सिट, असं केलं की कुत्रं कुणाचंच ऐकत नाही. द्राक्षं, कांदा, चॉकलेट त्याच्या तोंडी लागता कामा नये. कंबरेचं हाड नाजूक असतं म्हणून सुरुवातीचे काही महिने जिने चढू द्यायचे नाहीत, उचलून न्यायचं. झोपेतून उठलं, खाल्लं, खेळलं, की लगेच बाहेर. तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू दोन-तीन तासांपलीकडे एकटं ठेवायचं नाही.

घर तिने प्रयोगशाळेसारखं तयार केलं. गॅलरीच्या ग्रीलला खालून दोन फूट जाळी ठोकून घेतली. चपलांचा स्टँड भिंतीवर चढवला, टीव्हीच्या वायरी पट्टीत घातल्या, फिनेलची बाटली वरच्या फळीवर गेली. सालोमीने दिलेली चिकूची रिकामी पेटी तिने घासून, उन्हात वाळवून, आत जुनी सतरंजी घातली. आणि एका कार्डशीटवर फूटपट्टीने रकाने आखून वेळापत्रक केलं. पहाटे आणि सकाळी ती स्वतः. तिचं सकाळचं सत्र केव्हाच सुटलं होतं, साडेदहा ते साडेपाच शाळा होती. म्हणून दुपार आर्याकडे, कारण आर्या सकाळच्या शाळेतून साडेबाराला घरी यायची. संध्याकाळ सुलक्षणाकडे, रात्रीची शेवटची फेरी श्रीरंगकडे. मे ते डिसेंबर, आठ महिन्यांचं. तिने ते जेवणाच्या टेबलावर ठेवून प्रत्येकाला विचारलं, आपापली वेळ जमेल ना. पावसाळ्यात रात्री खाली उतरायचं तुझ्याकडे आलंय, असं तिने श्रीरंगला मुद्दाम दाखवलं. तो म्हणाला, लिही गं तू, बघू. आर्याने आपल्या रकान्यात रंगीत पेनने कुत्र्याचे पंजे काढले. तक्ता फ्रिजच्या दारावर लागला.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी पिल्लू निवडायचं होतं. त्या दिवशी आर्या येणार होती, पण आयत्या वेळी तिचं पोट दुखू लागलं. विनयाताई एकटीच गेली.

सात पिल्लं होती. त्यातलं एक सारखं तिच्या पदराला लोंबकळत होतं, हाकललं तरी परत येत होतं. ती म्हणाली, हेच द्या, आमच्या आर्याला असंच दंगेखोर हवंय. जेम्सने नकारार्थी मान हलवली. त्याने कोपऱ्यातून एक शांत मादी उचलून आणली. तिच्या गळ्यात त्याने आधीच लाल दोरा बांधून ठेवला होता.

"तो गडबड्या भरल्या घरात चालेल," तो म्हणाला. "तुमच्यासाठी मी ही बघून ठेवलीय. एकट्या मानसाला अशीच बरी. जूनपासून तुम्ही एकट्याच ना? तुमचे भाऊ बोलले होते."

सालोमी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने विनयाताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती तिथेच थांबली.

विनयाताईने विचारलं, भाऊ कधी आला होता. जेम्सने आठवून सांगितलं, दिवाळीच्या आधी, पंधरा दिवस तरी. सगळे पुण्याला जाणार, बहीण नोकरीमुळे मागे राहणार, तिला सोबत हवी, असं सांगून त्याने पुढच्या वेतातलं पिल्लू बोलून ठेवलं होतं.

म्हणजे फराळाच्या ताटावर आर्याला पिल्लाची कल्पना सुचण्याच्या आधी. विनयाताई जेम्सला म्हणाली, हो, हो, तसंच ठरलंय. आपल्याला काही माहीत नव्हतं हे परक्या माणसाला कळू नये, एवढंच तिला त्या क्षणी महत्त्वाचं वाटलं. जेम्सने नेहमीप्रमाणे पिल्लांच्या आईच्या अंगावरून टॉवेल फिरवून तो पिशवीत घालून दिला. घरच्या पेटीत आईचा वास असला की नवीन पिल्लू कमी रडतं. तो टॉवेल मांडीवर घेऊन ती वटारच्या थांब्यावर बसून राहिली. दोन एसटी तिने जाऊ दिल्या.

घरी पोचली तेव्हा तिघं चहा घेत होते. आर्याचं पोट बरं झालं होतं. कुठलं पिल्लू निवडलंस, असं तिने विचारलं.

"शांत मादी आहे," विनयाताई म्हणाली. "एकट्या बाईला झेपेल अशी."

 मग श्रीरंगने कप खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. कंपनी पुण्याजवळ हलली होती, जूनपासून त्याला तिकडे हजर व्हायचं होतं, आर्याचा शाळाप्रवेश झाला होता, जागाही बघून झाली होती. हा फ्लॅट तुझाच आहे, तू खुशाल राहा, आम्ही सणावाराला येऊच. तो भराभर बोलत होता, पाठ केल्यासारखं. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही, असं त्याने दोनदा म्हटलं. पिल्लू आलं, तू त्यात रमलीस, की मग सांगू असं ठरवलं होतं.

सुलक्षणा म्हणाली, आधी सांगितलं असतं तर ताई, तुम्ही नोकरी सोडून आमच्याबरोबर यायला निघाला असता, आम्हाला भीती वाटली की — आणि तिथेच ती थांबली. भीती तिच्या नोकरीची होती की ती बरोबर येईल याची, हे तिने सांगितलं नाही आणि विनयाताईने विचारलं नाही.

तिने फक्त आर्याला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं. आर्या रडायला लागली होती. गणपतीपासून, असं ती म्हणाली.

गणपतीपासून एप्रिलपर्यंत. रोज तिच्या शेजारी झोपणारी पोरगी. पंजे काढताना हसणारी. विनयाताईने मला हे सांगितलं तेव्हा तिच्या हातात ब्यूरेटची लांब काचनळी होती आणि तीच नळी ती पुन्हा पुन्हा धूत होती. श्रीरंगचं तिला एवढं लागलं नव्हतं.

"मला विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, तुम्ही जा," ती म्हणाली. "तेवढं म्हणायचं तरी माझ्यावर सोडायचं होतं."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तिने नवीन कार्डशीट घेतली आणि वेळापत्रक पुन्हा आखलं, एकटीच्या नावाने. पहाट, सकाळ, संध्याकाळ, रात्र सगळं बसलं. साडेदहा ते साडेपाच हा रकाना मात्र भरेना. जाण्यायेण्याचा वेळ धरला तर तो आणखी मोठा होत होता. जेमतेम तीन महिन्यांचं पिल्लू बंद फ्लॅटमध्ये आठ-नऊ तास. ज्यांनी तिच्या सोबतीची इतकी आधीपासून काळजी केली, त्यांच्यापैकी कुणीही ही साधी बेरीज केली नव्हती. तिने जेम्सला फोन करून सांगितलं, पिल्लू नको, दुसऱ्या कुणाला द्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रक आला. शाळेला अजून सुट्टी होती, तरी त्या दिवशी ती शाळेत आली. शिपायाकडून कुलूप काढून घेऊन तिने सबंध कपाट उपसलं आणि पुन्हा लावलं. संध्याकाळी घरी गेली तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर चावीचा दुसरा जुडगा होता आणि आर्याची एक चिठ्ठी. चिठ्ठीत काय होतं ते तिने मला सांगितलं नाही.

जुलैच्या अखेरीला सालोमी आमच्या शाळेत आली. वसईच्या बाजारात आले होते, म्हणून वाट वाकडी करून आले, असं म्हणाली. जेम्सने ते पिल्लू कुणालाच दिलं नव्हतं. आपण बोलून गेलो आणि एका बाईचं घर आपल्या तोंडून फुटलं, हे त्याला खात होतं. तो स्वतः यायला धजत नव्हता. सालोमीने आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या शेजारच्या वाडीत भागूबाई म्हणून एक म्हातारी होती, तिची मागची दोन खोल्यांची जागा रिकामी पडली होती. भागूबाई दिवसभर घरीच असते, कुत्र्याला दुपारचं बघेल.

विनयाताई लगेच हो म्हणाली नाही. दोन रविवार जाऊन बघून आली, भागूबाईशी बोलली, एसटीच्या वेळा लिहून आणल्या. ऑगस्टच्या मध्यावर तिने विरारचा फ्लॅट बंद केला आणि वटारला राहायला गेली. मी आणि शाळेचा शिपाई आग्नेल सामान लावायला गेलो होतो. श्रीरंगला कळवलंस का, असं मी विचारलं. ती म्हणाली, नाही.

पिल्लू आता पाच महिन्यांचं झालं होतं, काळं कुळकुळीत. तिने नाव ठेवलं राई. आर्याने सुचवलेली नावं एका कागदावर होती, तो कागद तिने बरोबर आणला नव्हता. शिकवायला उशीर झाला होता. राईने पहिल्या महिन्यात भागूबाईची एक चटई आणि विनयाताईच्या दोन चपला फाडल्या. पण सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास, न चुकता, विनयाताई अंगणात तिच्याकडून तेच ते करून घ्यायची. बस. थांब. ये. सोड. भागूबाईलाही तेच चार शब्द पाठ करायला लावले.

विरारचा फोन कुणी उचलत नाही म्हणून सप्टेंबरमध्ये श्रीरंग पुण्याहून धावत आला. शेजाऱ्यांकडून पत्ता घेऊन वटारला पोचला तेव्हा घामाघूम झाला होता. तिला सुखरूप बघून आधी त्याने श्वास सोडला आणि मग चिडला. ताई, निदान सांगायचं तरी, असं म्हणाला.

"सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं," ती म्हणाली.

हे वाक्य तिने कितीतरी दिवस मनात घोकून ठेवलं होतं, असं नंतर तिने मला सांगितलं. म्हटल्यावर काहीच वाटलं नाही.  तिने चहा केला. विरारच्या फ्लॅटची किल्ली रुमालात बांधून त्याच्या हातात दिली. जाताना तो राईच्या डोक्यावरून हात फिरवायला वाकला, तर राई मागे सरली. तिची त्याची ओळखच नव्हती.

राई चांगली तयार झाली. जेम्ससुद्धा मानायचा. फक्त एका बाबतीत त्याचं आणि विनयाताईचं कधी पटलं नाही. घरातून निघताना कुत्र्याशी बोलायचं नाही, त्याचं लक्ष दुसरीकडे वळवून गुपचूप निघून जायचं, म्हणजे ते मागे विव्हळत नाही, असा त्याचा शिरस्ता. विनयाताई रोज सकाळी पायरीवर बसून, राईचं तोंड दोन्ही हातांत धरून सांगायची की मी निघाले, सातच्या आत येते. राई दहा मिनिटं रडायची. जेम्स म्हणायचा, शिकवलेलं सगळं तुम्ही घालवताय. ती म्हणायची, रडू दे.

आर्या बारावीनंतर मुंबईत कॉलेजला आली आणि एका शनिवारी वटारला येऊन दारात उभी राहिली. माफी मागायला आली होती. विनयाताईने तिला आत घेतलं, जेवायला वाढलं आणि सांगितलं की यायचं असेल तेव्हा ये. पुढे आर्या महिन्या दोन महिन्यांनी यायची, भागूबाईच्या विहिरीवर राईला आंघोळ घालायची. मी एकदा विनयाताईला विचारलं, पोरीवरचा राग गेला का. ती म्हणाली, तेरा वर्षांच्या मुलीला सात महिने गप्प बसायला कुणी शिकवलं हे मला ठाऊक आहे, तिच्यावर कसला राग धरू. आणि पुढे म्हणाली, पण ती काही सांगू लागली की अजून मनात येतं, हे खरं असेल ना.

श्रीरंगशी ती बोलायची. भाऊबीजेला तो आला की ओवाळायची, त्याच्या आवडीची सोलकढी करायची. पुण्याला ये म्हणून तो दरवर्षी बोलवायचा. ती शाळेचं कारण सांगायची, कधी राईचं. ती निवृत्त झाली त्या वर्षीही त्याने बोलावलं. त्याच्या पुण्याच्या घराचा उंबरा तिने आजतागायत ओलांडलेला नाही.