बार्लीचं नवं

ऑगस्टच्या बँक हॉलिडेला, सोमवारच्या सरकारी सुट्टीला, नावन गावच्या रस्त्यावर मी गाडीची काच खाली करते. कापलेल्या बार्लीचा कोरडा, धुळकट वास आला की मी पुन्हा त्या फाटकाशी उभी असते.

आई गुहागरहून पहिल्यांदाच माझ्याकडे परदेशात आली होती. चालता चालता पिकलेलं शेत दिसलं आणि तिने फाटकातून सरळ हात घालून लोंब्या खुडल्या. "पीक तयार झालंय. दाराला पहिल्या लोंब्यांचं नवं नको बांधायला?"

तेवढ्यात ट्रॅक्टर येऊन थांबला. म्हातारा शेतकरी उतरला आणि लोंब्यांकडे बघत फाटकाशी आला. नोकरी नवी, व्हिसा नवा. याने पोलिसांना बोलावलं तर? सॉरी सॉरी म्हणत मी आईच्या हातातल्या लोंब्या ओढू लागले. ती सोडेना.

"उद्या," तो म्हणाला. "सोमवार सरकारने ठरवला, पण सण सुगीचा, फार जुना. त्याआधी पिकाला हात लावला तर माझी आई घरात घ्यायची नाही. पहिली कणसं तीच दाराला बांधायची."

मी आईला सांगितलं. ती अजिबात ओशाळली नाही. "विचार त्याला, आता कोण बांधतं?"

मी भीत भीत विचारलं. तो नुसता टोपी झटकत राहिला.

मला वाटलं, चिडलाय. आता माझीही आई नाही, म्हणून त्याचं ते टोपी झटकणं कळतं.

दुसऱ्या दिवशी आई मला ओढतच तिथे घेऊन गेली. फाटक सताड उघडं होतं आणि शेतामागच्या त्याच्या घराच्या दाराला सुतळी लावून ठेवलेली होती. फक्त लोंब्या बांधायच्या राहिल्या होत्या.