अस्वलाने घेतलेले दोन जाम

हैदराबादेतल्या काचीगुड्याचे तातेराव बिरादार लेखक झाले ते देशाने बाजार खुला केला त्याच सुमाराला. दोन्हींचा संबंध नाही असं नाही. कारखाना काढायला आता दिल्लीचा परवाना लागत नाही, हे पेपरात वाचल्यावर पुस्तक काढायला पुण्याचा तरी का लागावा, असं त्यांच्या मनानं घेतलं. पुण्याचे प्रकाशक तोवर त्यांचं हस्तलिखित नेमानं परत पाठवत होते. तेही तातेरावांनीच जोडलेल्या तिकिटांवर.

हस्तलिखित मुलांच्या गोष्टींचं होतं. गोष्टी खरं तर बायकोच्या. भामाबाईंनी मुलींना भरवताना रचलेल्या. तातेराव एका विमा कचेरीत कारकून. त्यांनी गोष्टी लिहून काढल्या, शुद्धलेखन तपासलं आणि मुखपृष्ठावर आपलं नाव घातलं. स्वखर्चानं पुस्तक काढणाऱ्या मराठी माणसाची एक रीत आहे: लेखक आपण व्हायचं आणि प्रकाशिका बायकोला करायचं. त्याप्रमाणे आतल्या पानावर ‘प्रकाशिका : सौ. भामा तातेराव बिरादार’ असं छापलं गेलं, खाली राहत्या घराचा पत्ता. भामाबाईंनी त्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं आणि पहिली प्रत देव्हाऱ्यात ठेवली.

अक्षरजुळणी कोठी भागातल्या एका नव्या कॉम्प्युटरच्या दुकानात झाली. दुकानदाराला मराठी येत नव्हती आणि यंत्रावर ळ सापडत नव्हता, त्यामुळे पहिल्या छापात सगळे प्राणी ‘केली’ खात होते आणि ‘पलत’ होते. तातेरावांनी स्टुलावर बसून एकेक ळ मिळवला. पुस्तकात आता चूक म्हणून राहिली नाही, असं ते कचेरीत सांगत.

प्रकाशन तिथल्या मराठी मंडळींच्या संस्थेत ठरलं. पाहुण्या होत्या पुण्याच्या उषाताई. तिकडच्या शाळांच्या वाचनालयांत कुठली पुस्तकं जावीत हे त्या सुचवत, आणि तातेरावांचा सगळा डोळा त्या वाचनालयांवर होता. हैदराबादेतली मराठी मुलं मराठी बोलत, पण वाचायची वेळ आली की कार्टून लावत.

उषाताईंनी पुस्तक मधेच उघडून मोठ्यानं वाचायला घेतलं. ‘दुपार झाली. अस्वलाने दोन जाम घेतले. माकडाने दोन जाम घेतले. मग दोघे डुलत डुलत घरी गेले.’

हैदराबादेत जाम हे फळ आहे. तेलुगूत, दखनीत आणि शेजारानं तिथल्या मराठीतही. पुण्यात त्याला पेरू म्हणतात. जाम तिथे प्याल्यात असतो.

उषाताईंनी चष्मा काढला. ‘बिरादार, हे अस्वल कुठल्या दुकानात जातं?’

सभागृह हसलं. ज्यांच्या घरी त्याच सकाळी जाम चिरून, तिखटमीठ लावून झाले होते, ते जरा जास्तच हसले. एकानंही उठून सांगितलं नाही की बाई, ते फळ आहे. तातेरावांचे कान लाल झाले. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी दुसरंच सांगितलं.

‘तो शब्द माझा नाही,’ ते माइकसमोर म्हणाले. ‘घरच्यांचा आहे. त्यांचं मराठी इकडचंच हो. माझं दुरुस्त करायचं राहून गेलं.’

घरच्या, म्हणजे भामाबाई, पहिल्याच रांगेत बसल्या होत्या, पाहुण्यांना द्यायचा नारळ मांडीवर घेऊन. नाव पुकारल्यावर त्या उठल्या, नारळ दिला, नमस्कार केला आणि पदर सावरून परत बसल्या. घरी जाताना रिक्षात एवढंच म्हणाल्या, ‘नळ येऊन गेला असेल.’

उषाताई वाईट नव्हत्या. निघताना त्यांनी सुचवलं की तेवढा शब्द बदला, शाळांसाठी मी नाव घालते. तातेरावांनी त्याच आठवड्यात ‘पेरू’ छापलेल्या बारीक पट्ट्या करून आणल्या. त्या चिकटवायला भामाबाई आपण होऊनच बसल्या. वाटीत खळ, बोटावर पट्टी, प्रत्येक जामावर पेरू. तातेराव समोर बसून पट्ट्या कापत होते. बायकोनं भांडावं म्हणून त्यांनी दोनदा विषय काढून पाहिला. ‘लोक कशालाही हसतात,’ म्हणाले. भामाबाईंनी मान न उचलता विचारलं, ‘हा सरळ बसला का बघा.’

गठ्ठा संपत आला तेव्हा गल्लीत फळांची बंडी, म्हणजे हातगाडी, आली. बंडीवाला नेहमीचा, हाक नेहमीची: ‘जाम, मीठे जाम!’ भामाबाईंनी हात धुतले, पिशवी घेतली आणि पायरीवर जाऊन स्वच्छ आवाजात म्हणाल्या, ‘पेरू देओ.’

बंडीवाला गोंधळला. तेलुगूत पेरू म्हणजे नाव. जन्म हैदराबादेत गेलेल्या तातेरावांना हे माहीत होतं, पट्ट्या छापताना तेवढं आठवलं नव्हतं.

‘मेरा पेरू? यादगिरी, अम्मा,’ बंडीवाला म्हणाला. ‘इत्ते दिन से लेरे, आज पूछरे?’

‘नाम नक्को, पेरू होना,’ भामाबाई म्हणाल्या.

‘वो क्या होता?’

‘साहब से पूछो. मेरी जबान इधर की है.’

यादगिरीनं दाराकडे पाहिलं. समोरच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढणाऱ्या दोघीही थांबल्या. तातेराव उंबऱ्यात उभे होते, बोटांना खळ लागलेली, एक पट्टी अंगठ्याला चिकटलेली. ती त्यांनी धोतराला पुसायचा प्रयत्न केला. ती धोतरावर बसली, सरळ बसली.

‘जाम,’ ते म्हणाले.

‘क्या साब?’

भामाबाई पिशवीचं तोंड उघडून तशाच उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही.

‘जाम,’ तातेराव पुन्हा म्हणाले, या वेळी समोरच्या गॅलरीपर्यंत जाईल असं. ‘आमच्यात जामच म्हणतात.’

भामाबाईंनी पिशवी पुढे केली.