बारा टनांची भीती

नाव : वामन निंबा महाजन. वय : पन्नाशीच्या आतबाहेर. व्यवसाय : यंत्रभागांचे उत्पादन व दुरुस्ती. राहण्याचे व कारखान्याचे ठिकाण : एकच, इतवारा, बुऱ्हाणपूर. शिक्षण : आयटीआय, टर्नर. ओळखीची खूण : अंगावर जखमेची एकही खूण नाही, हीच खूण समजावी. अपघात : निरंक. पोलीस प्रकरण : निरंक. शेरा : सदर इसम सुरक्षिततेच्या बाबतीत अत्यंत दक्ष असून, मोठ्या यंत्राच्या खरेदीसाठी सर्व दृष्टींनी पात्र आहे.

बँकेचा हा शेरा खरा होता. 'दक्ष' या शब्दाऐवजी घरात दुसरा शब्द चालायचा, एवढंच. वामनची बायको सुलभा त्याला सरळ 'भित्रे' म्हणायची, तेही 'अहो' लावून.

हसण्याआधी हे सांगायला हवं, की वामनचा संसार भीतीनेच उभा केला होता. मिलच्या वर्कशॉपात शिकत असताना शेजारच्या टर्नरची बाही लेथच्या फिरत्या जबड्यात गेली. बाहीमागोमाग काय गेलं ते वामनने पाहिलं. त्यानंतर त्याने कधी पूर्ण बाहीचा शर्ट घातला नाही. लग्नात सासऱ्यांनी घातलेली अंगठी त्याने पंगत उठायच्या आत काढून नवरीच्या हातात ठेवली; जावई कशावरून तरी रुसलेत अशी सासरी बरेच दिवस समजूत होती. मिलमधून माणसं कमी करणार, अशी कुजबूज ऐकू आली तेव्हा बाकीचे युनियनच्या दारात बसले. वामनने राजीनामा दिला, आणि बापाच्या घराच्या पुढच्या खोलीत जुना लेथ मांडला. मागच्या दोन खोल्यांत संसार. एकाचे चार लेथ झाले, चार टर्नर झाले. इतवाऱ्यातल्या यंत्रमागांचे शाफ्ट मोडत राहिले आणि वामनचं चालत राहिलं.

मग देश जगाच्या बाजाराला जोडायला काढला, आणि त्या जोडणीचे हादरे आमच्या गल्लीपर्यंत यायला लागले. मागांचे भाग बाहेरून तयार आणि स्वस्त येऊ लागले. चार टर्नरांना अर्धा दिवस बिड्या ओढण्याचं काम उरलं. अशात एका कापड-कारखान्याने लांब रोलर करून घ्यायची तयारी दाखवली. अट एकच : काम संगणकावर चालणाऱ्या सीएनसी लेथवर व्हायला हवं, आणि तो लेथ तीन मीटरचा हवा. दिवाळीपर्यंत मशीन बसलं नाही तर काम इंदूरला जाणार होतं. ते गेलं की वामनचं वर्कशॉप बंद.

विक्रेत्याने दोन मशीनं दाखवली. पहिलं सहा टनांचं. त्याचा खालचा बेड पत्रे जोडून केलेला. लांब रोलर लावला की ते किंचित थरथरायचं आणि रोलरवर लाटा उठायच्या. दुसरं बारा टनांचं, बेड अखंड बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. त्याच्यावर उतरलेल्या रोलरमध्ये बघून भांग पाडता आला असता. निवड लहान मुलानेही केली असती. विक्रेत्याने निघता निघता सहज विचारलं, "महाजनसाहेब, जमीन कशी आहे तुमच्याकडे?"

"मजबूत," वामन म्हणाला. रात्री त्याला भाकरी गेली नाही.

कारण बुऱ्हाणपुरात जमीन कशी आहे, हे कुणी सांगू शकत नाही. जुन्या बादशाही गावाखाली काही ना काही असणारच, असं सगळे धरून चालतात. कुणी पाण्याची भुयारं म्हणतं, कुणी तळघरं. पाहायचं तर खोदावं लागतं, आणि खोदणं हाच मोठा धोका. एखादी जुनी वीट निघाली आणि कुणी चुगली केली, तर पुरातत्त्व खात्याचा माणूस येऊन काम थांबवील, जागेला सील लावील. पूर्वी निदान अधिकारी खंडव्याला बसायचे. बुऱ्हाणपूर वेगळा जिल्हा झाल्यापासून ते गावातच राहायला आले होते. त्यामुळे इतवाऱ्यात लोक मजल्यावर मजला चढवतात, पण खाली हात घालत नाहीत.

आणि बारा टनांच्या मशीनला पाया लागतो. पाया म्हणजे खड्डा. हलकं मशीन घेतलं तर धंदा बुडणार, जड घेतलं तर जमीन. वामन फरशीवर टाच आपटत फिरायला लागला. एका ठिकाणी आवाज वेगळा यायचा. तिथे तो पुन्हा आपटायचा, आणि मग बराच वेळ आपटायचाच नाही.

"वामनभाऊ," त्याचा सगळ्यात जुना टर्नर लोटू म्हणाला, "तुम्ही त सायकलच्या स्टँडले बी पाया मांगसान."

"तू हस बापा. खाली गेलं म्हणजे?"

"जाईन त मशीन जाईन. तुम्ही कायले जासान?"

"मी त्याच्याजवळच उभा असेन ना रे!"

शेवटी सुलभाने निकाल दिला. "अहो, असं टाचा झिजवून कळणार आहे का? एकदा खोदा आणि मोकळे व्हा."

दिवस ठरला तो शुक्रवार सोडून. शुक्रवारी माग बंद असतात, गल्लीत टाचणी पडली तरी ऐकू येते. बाकीच्या दिवशी दोन्ही बाजूंच्या मागांचा खडखडाट इतका, की शेजारी भूकंप झाला तरी चौकशी होणार नाही. बाकीच्या टर्नरांना सुट्टी दिली, आणि भर दुपारी दार लावून लोटूने फरशी उचकटली आणि कुदळ घेतली. सुलभाने मागच्या खोलीत मिक्सरही लावला. त्यात वाटायला काही नव्हतं.

कमरेइतका खड्डा झाला आणि वीज गेली.

कपातीची ती वेळ नव्हती. अख्ख्या इतवाऱ्यातले माग एका झटक्यात गप्प झाले. लोटूची कुदळ तेव्हा वर गेलेली होती. वर गेलेली कुदळ खाली येणारच. आवाज मातीचा नव्हता. मोठ्या रांजणावर बुक्की मारावी तसा तो होता, आणि तो खालच्या खाली लांबवर जात राहिला. वामनचे दोन्ही हात आपोआप भिंतीला टेकले.

"वामनभाई!" भिंतीपलीकडून करामतभाईंचा आवाज आला. त्यांचे माग तिकडे चालत. "क्या खोद रहे हो?"

वामनच्या तोंडून जे पहिलं आलं ते आलं. "संडास."

"कारखाने के बीचोंबीच?"

"मजदूरों के लिए."

भिंतीपलीकडचा आवाज खाली आला. "हमने भी संडास ही खोदा था. करघों के बीच में. ठंडी हवा आने लगी तो फर्शी वापस रख दी."

"फिर?"

"फिर क्या? चल रहे हैं ना करघे. आप ज़्यादा झाँकना मत."

तोवर लोटूच्या पायाशी विटेचा तुकडा आत निसटला होता. मुठीएवढं भोक पडलं, आणि त्यातून ओल्या, कोंदट वासाची गार हवा वर आली. लोटूने खिशातला नट काढला आणि भोकात सोडला. वामन, लोटू आणि आतून आलेली सुलभा वाकून ऐकत राहिले. आवाज आलाच नाही. किंवा आला असेल. तेवढ्यात वीज आली आणि गल्लीतले माग पुन्हा सुरू झाले.

वामन त्या खोलीत संध्याकाळपर्यंत गेला नाही. मग म्हणाला, भरून टाकू. दुसऱ्या दिवशी ट्रॉलीभर गिट्टी आली. लोटू घमेली ओतत राहिला. ट्रॉली संपली, खड्डा होता तेवढाच. दुसरी मागवली. अर्ध्यावर लोटू थांबला. आता तो हळू बोलत होता. "भाऊ, हे त दुसऱ्या कोनाच्या आंगनात निंघत असंल."

"बस करा," सुलभा म्हणाली. "याचं पोट भरायचं नाही. झाका ते, आणि माझ्या भावाकडे चला."

तिचा भाऊ सुकलाल गावाबाहेर बहादरपुरात केळी लावायचा. केळी पिकवायची त्याची एक शेड रिकामी होती. त्याने वामनला शेडच्या मधोमध उभं केलं. "पाहुणे, खाली काय आहे? माती. मातीखाली? माती. बादशहाला आमच्या शेतात काय काम होतं?"

तरी मुरूम लागेपर्यंत वामन खड्ड्याच्या काठावर बसून होता. प्रत्येक कुदळीला तो डोळे मिटायचा. आवाज प्रत्येक वेळी मातीचाच आला. पाया भरला, बारा टनांचं मशीन आलं, दिवाळीच्या आत पहिला रोलर उतरला आणि कारखान्याने तो परत पाठवला नाही. जुने चारही लेथ, लोटू आणि बाकीचे तीन टर्नर बहादरपुरात गेले. वामन रोज मोटरसायकलने जाऊन येतो.

बँकेने अभियंत्याचा दाखला घेतला : यंत्राखालील जमीन भरीव असून, यंत्राच्या जीवितास कोणताही धोका संभवत नाही. दाखल्याची प्रत फायलीत आहे.

इतवाऱ्यातली पुढची खोली रिकामी झाली. ती भाड्याने द्यायची तर भाडेकरू कधीतरी खोदेल. कुलूप लावायचं तर लोक विचारतील, आत काय आहे. म्हणून वामन आणि सुलभा आता तिथे झोपतात. उन्हाळ्यात तिथे गार लागतं.