नऊ इंचांच्या सात पायऱ्या

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही काही माझ्या घरी चहाला येणार नाही.

जव्हारला आमचं घर उतारावर आहे. पुढून रस्त्याला लागून, मागून अंगणापासून सव्वापाच फूट उंच. मागच्या दाराबाहेर सासऱ्यांनी सागाच्या फळ्यांचा ओटा बांधला होता. खाली उतरायला रुंद, बुटक्या पायऱ्या आणि धरायला बांबू. सासूबाई अंगणातल्या खोलीत राहतात — चूल हवी म्हणून, स्वतःच्या हौसेने. दुपारी पायऱ्या चढून वर यायच्या आणि माणसांत बसायच्या. फळ्या कुजल्या तेव्हा लोखंडी ओटा करायचं ठरलं. नवरा पालघरला नोकरीला, येणार शनिवारी. म्हणून जिना, कठडा, सगळी आखणी माझ्याकडे आली.

आणि आखणी मला जमते. मी शाळेत गणित शिकवते.

दर बुधवारी शाळेतल्या तीन शिक्षिका ओट्यावर चहाला येतात. कोणाची साडी कुठली, कोणाचा जावई कुठे, याच्यापलीकडे त्यांची अक्कल धावत नाही. त्यांना मी सांगून ठेवलं होतं, की सासरची खोडाळ्याला भातशेती आहे. का सांगितलं? ज्यांना मी मनातून कवडीची किंमत देत नाही, त्यांच्यात मोठं दिसायला. याहून हलकं माणूस असतं का?

एका बुधवारी सासूबाई वर आल्या, भेगाळलेले पाय पसरून बसल्या. एकीने गोड आवाजात विचारलं, यंदा भात किती झालं? त्या मनापासून हसल्या. "आमची कुठली शेती गो? लोकांच्या शेतात भाताच्या आवणीला रोजानं जायचो. आमचा तं बांध बी नाय."

तिघींनी एकमेकींकडे बघितलं. एकीने साखर मागितली, दुसरीने पदर सारखा केला. सासूबाईंनी खोटं काय सांगितलं होतं? काहीच नाही. म्हणूनच तर — म्हणूनच त्या मला ओट्यावर नको झाल्या.

सलीमचाचा जव्हारातले जुने लोखंडकाम करणारे. त्यांनी टेपेआधी विटा काढल्या. एकीवर एक ठेवून सासूबाईंना पाय उचलायला लावला आणि मग मला म्हणाले, "भाभी, आईचा पाय सात इंच जातो. आठला धरायला लागतं. सातच्या नऊ पायऱ्या करू, कठड्याचा पाइप खालपासून, गोल — मुठीत आला पाहिजे." पायऱ्या बसवणाऱ्या माणसाला एवढी अक्कल होती. एवढा जीव होता.

मी म्हटलं, नऊ इंचांच्या सात करा, अंगणातली जागा वाचेल. कठडा तिसऱ्या पायरीपासून घ्या. पाइप चौकोनी आणि जाड, दिसायला बरा. त्यांनी विचारलं, "और आई?"

"त्या आता खालीच बसणार आहेत," मी म्हटलं.

चूक नव्हती हो ती. नऊ साते त्रेसष्ट आणि सात नव्वे त्रेसष्ट — उंची तीच. एक म्हातारी तेवढी वजा झाली. मला ते गणित वहीत न मांडता सुटलं.

शनिवारी नवरा आला. सासूबाई नवा जिना बघायला निघाल्या, नवं लुगडं नेसून. पहिल्या पायरीवर गुडघ्याला हात देऊन चढल्या. दुसरीवर दोन्ही हात टेकले आणि तिथेच अडकल्या. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. नवऱ्याने त्यांना उचलून खाली ठेवलं आणि तो ओरडला, हे मोजलं कोणी?

मी म्हटलं, चाचांनी. मी तर सात इंचच सांगितलं होतं.

किती पटकन निघालं तोंडातून! नवऱ्याने चाचांना बोलावून अंगणात उभं करून वाट्टेल ते बोलून घेतलं. पांढऱ्या दाढीचा माणूस. त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. "गलती हो गई. कापून परत बसवतो." त्यावरही मीच म्हटलं, राहू द्या, तुमच्यावर आता भरवसा कोण ठेवणार? शाळेतही हेच सांगत फिरले. दोघी त्यांच्याकडून गच्चीचे कठडे करून घेणार होत्या, त्यांनी दुसरा माणूस बघितला. चाचा गप्प का राहिले? आमच्या घरात भांडण नको म्हणून, की माझी कीव आली म्हणून? विचारायला तोंड हवं.

याला तीन वर्षं झाली. सासूबाई वर आलेल्या नाहीत. शेजारणींना सांगतात, "जिना चांगला हाये, माजंच गुडघं गेलं." त्यांना ते खरंच वाटतं. नवरा दोनदा म्हणाला, जिना बदलून घेऊ. दोन्ही वेळा मी म्हटलं, आता या वयात त्यांना वर येऊन करायचंय काय? त्यालाही ते पटलं. पटवणं माझ्या धंद्यातच आहे.

गेल्या बुधवारी चहा खाली घेऊन गेले. उतरताना माझ्याच गुडघ्यात कळ आली, तोंडातून आई गं निघालं. सासूबाईंनी कप बाजूला ठेवला. करंजाचं तेल चुलीवर कोमट केलं आणि म्हणाल्या, "माज्यापायी किती चढउतार गो तुला. पाय इकडं कर."

मी पाय पुढे केला. त्या चोळत राहिल्या, मी चोळून घेतलं. मग चार वाजायला आले तशी पाय सोडवून घेतला आणि वर गेले. बायका यायच्या होत्या.